दारू सोडतानाचे पहिले पाच दिवस

गटारी झाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी आमच्या पुरुष मेडिकल वॉर्डात खाटा कमी पडायच्या. आषाढी अमावस्येला गळ्यापर्यंत प्यायची आणि श्रावणाच्या पहिल्या सकाळी देवापुढे हात जोडून महिनाभर बंद करायची, ही आपल्याकडची रीतच आहे. जो सणासुदीला पितो त्याला श्रावण सोपा जातो. पण जो रोज सकाळी चूळ भरायच्या आधी नव्वद मारतो, त्याचे दुसऱ्या दिवशी हात थरथरतात आणि तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर मुंग्या दिसायला लागतात. घरचे रडकुंडीला येऊन सांगतात, "सिस्टर, चांगली सोडली होती हो. दोन दिवस थेंब घेतला नाही, आणि आता हे असं." त्यांना वाटतं, देवाचं काहीतरी चुकलं. अहो, एकदम सोडली म्हणूनच झालं.

मी सिव्हिलमध्ये सिस्टर होते. आता निवृत्त आहे, तरी ओळखीतल्या बायका संध्याकाळी दारात येऊन हळू आवाजात विचारतात, "ह्यांची सोडवायची आहे, काय करू?" त्यांच्यासाठी हे एकदाच लिहून ठेवते. गोळ्यांची नावं येतील, डोस येणार नाहीत. ते मुद्दामच गाळले आहेत, कारण शेजारच्याला लागू पडलेली चिठ्ठी घेऊन थेट मेडिकलमध्ये जाणारी माणसं मी भरपूर पाहिली. डोस डॉक्टरच ठरवणार.

दारू सोडायला निग्रह लागतो असं सगळे म्हणतात. लागतोच, पण तो सहाव्या दिवसापासून. पहिले पाच दिवस औषधाचे असतात. त्या दिवसांत माणसाला शपथा घालण्यात अर्थ नाही.

आधी हिशोब खरा काढा

"किती घेतो?" असं डॉक्टरांनी विचारलं की पेशंट निम्मं सांगतो, बायको दुप्पट सांगते आणि आई म्हणते, "माझा मुलगा तसा नाहीच." खरा आकडा हवा असेल तर दुकानातली उधारी बघा. तेही जमत नसेल तर रोज बरोबर बसणाऱ्या मित्राला एकट्याला गाठून विचारा. मित्र ह्या बाबतीत बहुतेक वेळा खरं बोलतो.

क्वार्टर म्हणजे १८० मिली. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे एका क्वार्टरमधून साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली ८ टक्क्यांची धरली तर ४० ग्रॅम. "मी काय, फक्त बिअर पितो" म्हणणारा रोज दोन बाटल्या रिचवत असेल तर तो क्वार्टरवाल्याच्याही पुढे गेला. हातभट्टीचं काही मोजमाप नसतं. तिथे ग्लास मोजा आणि तेवढंच डॉक्टरांना सांगा.

आकड्यापेक्षा मोठा प्रश्न सकाळचा आहे. उठल्यावर हात कापतात का? चहाचा कप बशीवर वाजतो का? आणि पहिला घोट गेल्यावर ते थांबतं का? ह्याला 'हो' उत्तर आलं, तर शरीर दारूवर चालायला लागलं आहे. अशा माणसाची दारू घरच्या घरी, परस्पर, एका दिवसात बंद करायची नाही. मग श्रावण असो, वारीची माळ घातलेली असो, नाहीतर मुलीचं लग्न आठवड्यावर आलेलं असो.

असं का होतं, ते थोडक्यात सांगते. दारू मेंदूला दाबून ठेवते. वर्षानुवर्षं रोज दाब पडला की मेंदू त्याला पुरून उरायला आपला जोर वाढवून ठेवतो. दारू एकदम बंद झाली की दाब जातो, पण वाढलेला जोर तसाच राहतो. नाडी पळते, बीपी वाढतं, घाम फुटतो, हात कापतात, झोप उडते. जोर फारच असेल तर फिट येते आणि त्याही पुढे डोकं पार फिरतं.

घड्याळ शेवटच्या घोटापासून लावा. सहा ते आठ तासांत थरथर, मळमळ, घाम, चिडचिड सुरू होते. पहिल्या दिवसाच्या शेवटी-शेवटी काहींना आवाज ऐकू येतात, कुणीतरी हाक मारतंय असं वाटतं. फिट येणार असेल तर ती बहुतेक पहिल्या ४८ तासांत येते. आणि सगळ्यात वाईट प्रकार, म्हणजे भान जाऊन भास होणं, ज्याला डॉक्टर 'डीटी' (डिलिरियम ट्रेमेन्स) म्हणतात, तो दुसरा दिवस संपताना आणि चौथ्या दिवसाच्या आत उभा राहतो. म्हणून "दोन दिवस काढले, आता काही होत नाही" ह्यावर विसंबू नका. पाचव्या-सातव्या दिवशी बहुतेकांचं शरीर जाग्यावर येतं. झोप मात्र पुढे कित्येक आठवडे रुसलेली असते.

कुणाला घरी ठेवायचं नाही

ज्याला पूर्वी कधीही दारू सोडताना फिट आली आहे किंवा डोकं फिरलं आहे, त्याला थेट भरती करा. ह्यावर घरात चर्चासुद्धा नको. काविळीने डोळे पिवळे झालेत, पोटात पाणी झालंय, पाय सुजलेत, उलटीत रक्त पडलंय, शौचाला डांबरासारखं काळं होतंय, त्यालाही. वय साठीच्या पुढे असेल, साखर किंवा हृदयाचा आजार असेल, ताप असेल, नुकताच गाडीवरून पडला असेल, दारूबरोबर झोपेच्या गोळ्याही खात असेल, बाई गरोदर असेल, किंवा तोंडातून जीव द्यायची भाषा निघत असेल, तर भरतीच. आणि घरात रात्रभर जागं राहणारं शहाणं माणूस नसेल तरीसुद्धा. हे शेवटचं कारण डॉक्टरांना सांगायला लोक लाजतात. लाजू नका, डॉक्टर ते मोजतात.

बाकीच्यांना, म्हणजे प्रमाण कमी, तब्येत बरी, आधी काही झालेलं नाही आणि घरी सांभाळणारं आहे अशांना, डॉक्टर गोळ्या देऊन घरी राहू देतात. पण ते ठरवणार डॉक्टर, तपासून. सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी असते. केसपेपर काढायचा आणि रांगेत बसायचं. 'वेड्यांचे डॉक्टर' म्हणून नाक मुरडणारे नातेवाईक असतील तर त्यांना घरीच ठेवून या.

आता एक गोष्ट सांगते, ती सिस्टरच्या तोंडून ऐकायला विचित्र वाटेल. रोज सकाळपासून पिणारा माणूस रविवारी रात्री म्हणाला, "मला सोडायचीय," आणि ओपीडी सोमवारी आहे, तर त्या रात्री बाटली फोडून मोरीत ओतू नका. रोज घेतो त्यापेक्षा जास्त नको, पण एकदम बंदही नको. सकाळी डॉक्टरांपुढे उभा राहीपर्यंत थोडी घेतली तर चालते. घाम, थरथर, भास आधीच सुरू झाले असतील तर मात्र सकाळची वाट बघू नका, रात्रीच कॅज्युअल्टी गाठा. आणि एकदा डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या की मग थेंबही नाही. त्या गोळ्या आणि दारू एकत्र गेली तर श्वास मंदावतो आणि माणूस झोपेतच जातो.

एकदम बंद झाल्यावर काय होतं ते २०२० च्या मार्चमध्ये सगळ्या देशाने पाहिलं. लॉकडाऊन लागला, दुकानं एका रात्रीत बंद झाली आणि कुणाची काही तयारी नव्हती. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर पिऊन माणसं गेली. हात कापणारा माणूस समोर येईल ते पितो. म्हणून ज्या घरात दारू सुटते आहे, तिथे सॅनिटायझर, स्पिरिट, आफ्टरशेव्ह कपाटात कुलपात ठेवा.

दवाखान्यात काय सांगायचं

खरं सांगायचं. तेवढंच.

हाडांच्या वॉर्डात हे नाटक नेहमी व्हायचं. मोटरसायकलवरून पडलेला माणूस, मांडीत रॉड टाकलेला. भरती होताना कुणी दारूचा उल्लेख केलेला नसतो, कारण इन्शुरन्स, पोलीस केस आणि सासरची माणसं समोर. तिसऱ्या रात्री तो सलाईन उपसून खाटेवरून उतरायला लागतो. वॉर्डबॉय मामा आणि दोन नातेवाईक धरतात, सगळा वॉर्ड जागा होतो. कॉलवरचे डॉक्टर विचारतात, "दारू घेतो का?" आणि मग कोपऱ्यातून बायको मान हलवते. तीच मान भरतीच्या दिवशी हलली असती तर औषध आधीच सुरू झालं असतं. कुठलंही ऑपरेशन असो, हर्नियाचं असो की मोतीबिंदूचं, रोज पिणाऱ्याने भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगावं.

डॉक्टरांना पाच गोष्टी लागतात: शेवटचा घोट किती वाजता गेला, रोज किती, सकाळी लागते का, मागे सोडली तेव्हा काय झालं, आणि आणखी कुठल्या गोळ्या किंवा नशा चालू आहेत. कागदावर लिहून न्या, घाईत आठवत नाही. जुने रिपोर्ट आणि घरात सापडतील त्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाका. चष्मा न्या. ज्याला नीट दिसत नाही त्याला सावल्यांतून जास्त भास होतात. रात्री थांबायला असं माणूस निवडा ज्याचा आवाज पेशंटला ओळखीचा आहे आणि ज्याच्याशी त्याचं भांडण नाही. हे दोन्ही जमणारं माणूस शोधायला कधी कधी वेळ लागतो.

सलाईनबद्दल. आपल्याकडे कुणीही आजारी पडलं की "एक बाटली लावा" हा हट्ट असतो. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, संपत आलेलं असतं. जेवण कमी, त्यात दारूमुळे आतडं ते नीट शोषून घेत नाही. अशाला थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही खर्च होतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. डोळ्यांची हालचाल बिघडते, चाल झोकांड्या खाणारी होते, डोक्यात गोंधळ होतो. वेर्निकेचा आजार म्हणतात ह्याला. वेळीच थायमिन मिळालं तर बरा होतो. उशीर झाला तर आठवण कायमची जाते, माणूस सकाळी काय खाल्लं तेही सांगू शकत नाही. गल्लीतल्या दवाखान्यात बाटली लावत असतील तर विचारा, "डॉक्टर, हे रोज पितात, थायमिनचं इंजेक्शन आधी द्यायचं का?" प्रश्न नम्रपणे विचारायचा, पण विचारायचाच.

मुख्य औषधं म्हणजे क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा लोराझेपाम. दारू जिथे दाब देत होती तिथेच ही औषधं दाब देतात आणि मग दररोज थोडा थोडा काढून घेतात. लिव्हर खराब असेल किंवा वय जास्त असेल तर डॉक्टर बहुधा लोराझेपाम निवडतात. आठवडाभरात, फार तर दहा दिवसांत गोळ्या संपायला हव्यात. "ह्या गोळीने छान झोप लागते" म्हणून पुढे स्वतःच आणत राहिलात तर दारूच्या जागी गोळी बसेल.

डीटीतला माणूस पाहिला नसेल तर घाबरायला होतं. ताप, घामाने भिजलेली चादर, नाडी धडधडतेय, दिवस की रात्र कळत नाही. अंगावरून न दिसणारे किडे झटकतो, चादरीचे धागे वेचतो. बरेच जण आपलं कामच करत असतात. एसटीचा एक ड्रायव्हर रात्रभर सलाईनच्या स्टँडचा गिअर टाकत होता आणि मध्येच "पुढं सरका, पुढं सरका" असं ओरडत होता. एक शिंपी पायाने मशीन चालवायचा. शेतकरी असला की बैलांची नावं कळायची. नातेवाईक ह्यालाच "बाहेरचं झालंय" म्हणतात आणि देवऋषाकडे नेतात. तिथे धुपाच्या धुरात एक रात्र गेली की आमच्याकडे येईपर्यंत अंगातलं पाणी आटलेलं असायचं. उपचार नसले तर डीटीत माणूस दगावतो. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक सगळे आपल्या पायांनी घरी जातात. देवाचं काय करायचं ते त्यानंतर करा.

त्या खाटेशी बसणाऱ्याने वाद घालायचा नाही. "कुठं आहेत मुंग्या? काही नाही तिथं" म्हटलं की तो आणखी चिडतो. "मी आहे इथं, तुम्ही सिव्हिलमध्ये आहात, आज गुरुवार," एवढंच पुन्हा पुन्हा, शांतपणे. दिवा चालू ठेवा, पण डोळ्यांवर नको. भेटायला येणारी पलटण दारातूनच परत पाठवा. आणि गोंधळला म्हणजे दारूमुळेच, असं गृहीत धरू नका. साखर कमी झाली तरी माणूस असाच करतो, डोक्याला मार लागून आत रक्त साठलं तरी असाच. आठवड्यापूर्वी तो गटारात पडला होता हे तुम्हाला माहीत असेल तर सांगा.

घरी असेल तर

गोळ्या त्याच्या हातात द्यायच्या नाहीत. घरातल्या एकानेच सांभाळायच्या, वेळेला द्यायच्या आणि गिळल्याचं बघायचं. दिल्यावर वहीत वेळ लिहा. फार गुंगीत असेल, हाक मारून नीट उठत नसेल तर पुढची गोळी थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा. तोंडाला वास येत असेल तरी तेच करा.

जेवणाचा आग्रह पहिल्या दोन दिवसांत नको. मऊ भात-वरण, पेज, नाचणीची आंबील, ताक, केळं, उकडलेलं अंडं, जे पोटात राहील ते थोडं थोडं. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी चांगलं, पण पोटात पाणी झालेल्याला मीठ आणि पाणी किती द्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा. चहा-कॉफी संध्याकाळनंतर बंद. डोकं दुखतंय म्हणून मेडिकलमधून गोळी आणू नका. पॅरासिटामॉल जास्त झालं तर लिव्हरला त्रास, आणि दुखण्याच्या बाकीच्या गोळ्या आधीच सोललेल्या जठरातून रक्त काढतात.

त्या आठवड्यात त्याला गाडी चालवू देऊ नका. विहिरीवर, गच्चीवर, चाऱ्याच्या यंत्राशी एकटा सोडू नका. फवारणीचं औषध शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवा. कर्जाचा, सासऱ्याचा, मागच्या दिवाळीचा विषय काढू नका. ते सगळं राहतंच, कुठे जात नाही.

फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवा, आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला करा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, कापड काही घालायचं नाही. चप्पल हुंगवणं, कांदा फोडणं, मुठीत किल्ली देणं, ह्याने फिट थांबत नाही. ती आपोआप थांबते आणि श्रेय चपलेला जातं. पाणी पूर्ण शुद्धीवर आल्याशिवाय पाजू नका. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लगेच दुसरी आली तर १०८ लावा. थांबली तरी त्याच दिवशी दवाखाना. दारू सोडताना आलेली एक फिटसुद्धा घरी ठेवण्यासारखी नसते.

आणखी ह्या खुणा दिसल्या तर रात्र असो, पाऊस असो, निघायचंच: वेळ-जागा समजेनाशी होणं, नसलेलं दिसणं, ताप, सतत उलट्या, छातीत दुखणं, डोळे तिरळे झाल्यासारखे वाटणं किंवा चालताना तोल जाणं.

न सांगता दारू सोडवा

ही जाहिरात तुम्ही एसटी स्टँडच्या भिंतीवर वाचली असेल. भाजीत मिसळा, त्याला कळणारही नाही. अशा पुड्यांत काय असतं ते तपासायला तुमच्याकडे साधन नाही, आणि बऱ्याचदा शंका डायसल्फिरामची असते. डायसल्फिराम हे खरं औषध आहे, डॉक्टर देतात, पण माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून आणि दारू बंद होऊन निदान १२ तास झाल्यावर. त्यावर दारू गेली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी खाली येतं. हृदय कमजोर असेल तर जीव जातो. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखा क्वार्टर मारणार. वरणात विष कालवल्यासारखंच झालं. गोळी बंद केल्यावरही तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, म्हणून "आज गोळी नाही घेतली, आज पितो" हा हिशोबही चुकीचा. बायकोवर संशय आला की तो पुढे घरचं जेवतही नाही, ते वेगळंच.

मारझोड करून, साखळीने बांधून 'सोडवणारी' केंद्रंही आहेत. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा व्यसनाच्या आजारालाही लागू आहे, आणि साखळीने बांधायला त्यात साफ मनाई आहे. भरती करण्याआधी नोंदणीचा कागद बघायला मागा, डॉक्टर रोज येतात का ते विचारा, पहिल्या आठवड्यात फिट आली तर कुठे नेणार ते विचारा. "आमच्याकडे औषधं लागत नाहीत, योगाने होतं" असं उत्तर आलं तर पिशवी उचला आणि परत या. योग मीही करते. फिटेवर तो चालत नाही.

दारूशिवाय दुसरं काही असेल तर

गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, सुटताना जी 'टर्की' लागते ती बघवत नाही. शेवटच्या दमानंतर आठ-बारा तासांत जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, हाडं मोडल्यासारखी वाटणं, जुलाब. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कहर होतो आणि आठवड्यात ओसरतं. त्याने सहसा जीव जात नाही, अंगातलं पाणी सांभाळलं म्हणजे झालं. ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध डॉक्टरांच्या हातून मिळालं तर त्रास निम्म्याहून खाली येतो. खरा धोका नंतर असतो. महिनाभर बंद राहिलेल्या शरीराची सवय मोडलेली असते, आणि पोरगा जुन्या मित्राकडे जाऊन जुन्याच मापाने ओढतो. तिथे श्वास थांबतो. केंद्रातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच डोळ्यात तेल घालून काढा. पोलिसांच्या भीतीने मुलाला लपवू नका. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या ६४-अ कलमात संरक्षण आहे. माल विकणाऱ्याला नाही.

मालेगावकडे 'कुत्ता गोळी' म्हणतात ती अल्प्राझोलामची. ती आणि झोपेच्या तत्सम गोळ्या दारूसारख्याच. एकदम बंद केल्या तर फिट येते. त्या आठवड्या-महिन्यांच्या हिशोबाने, पायरीपायरीने उतरवतात. आणि हे व्यसन रस्त्यावरच्या पोरांचंच असं समजू नका. डॉक्टरांनी एकदा दिलेली चिठ्ठी दहा वर्षं चालवणाऱ्या आज्या मला माहीत आहेत.

एमडी, म्हणजे मेफेड्रोनची पावडर, सुटल्यावर माणूस दिवस दिवस झोपतो, खातो आणि मग काळोखात बुडतो. थरथर नसते म्हणून घरच्यांना वाटतं, सुटलं. त्याच दिवसांत जीव द्यायचे विचार येतात. एकटा ठेवू नका. टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही चालतो, मराठीत बोलतात. व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी नंबर १४४४६. गांजाला भरती सहसा लागत नाही. दोन आठवडे चिडचिड, भूक नाही, झोप नाही, मग कमी होतं.

बायकांच्या दारूबद्दल एक. बाटली घरात कपाटामागे असते आणि बाई 'बीपीचा त्रास' म्हणून दवाखान्यात येते. शरीराचं वजन आणि पाणी कमी, म्हणून तेवढ्याच दारूने नुकसान जास्त. बाईसाठी वरचं सगळं तसंच लागू आहे. फरक एवढाच, की तिच्या खाटेशी रात्री थांबायला बऱ्याचदा कुणी येत नाही.

सहावा दिवस

हात थांबले, भूक लागली, चेहऱ्यावर तेज आलं. ह्याच दिवशी माणूस म्हणतो, "आता मी बरा, मला घरी न्या," आणि नातेवाईक पेढे आणतात. विष उतरलं आहे, सवय आहे तिथेच. संध्याकाळी सात वाजता पाय आपोआप वळतात. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलं तेव्हापासून तिथे भर ह्यापुढच्या कामावर आहे, समुपदेशन, गट, घरच्यांना बोलावणं. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेटसारखी ओढ कमी करणारी औषधं मिळतात, ती ह्याच टप्प्यावर डॉक्टरांना विचारा. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा आपापसातला गट, त्याच्या मीटिंग मराठीत होतात, पैसे लागत नाहीत, नाव-गाव कुणी विचारत नाही. घरच्यांसाठी अल-अॅनॉन आहे. नवरा जायला तयार नसेल तरी बायकोने आपलं जावं.

परत प्यायला तर? पुष्कळ जण पितात. अशा वेळी "आता नाव काढू नको" म्हणून घराबाहेर काढण्याआधी एक लक्षात घ्या. दारू सोडण्याचा प्रत्येक पुढचा फेरा शरीराला मागच्यापेक्षा जड जाऊ शकतो. मागच्या वेळी नुसती थरथर होती, ह्या वेळी फिट येऊ शकते. त्यामुळे मागच्या उरलेल्या गोळ्या काढून घरीच सुरू करू नका. केसपेपर जपून ठेवलेला असेल तो घ्या आणि कॅज्युअल्टीत डॉक्टर दिसले की बाकी रामायण नंतर, आधी एवढं सांगा: ह्याआधी सोडली होती तेव्हा काय झालं होतं, आणि काल शेवटची किती वाजता घेतली.